ॲपच्या कॅबचा ॲक्सिडेंट झाला: इन्शुरन्स कोणाला लागतो आणि ड्रायव्हर कुठे उघडा पडतो

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा भाऊ पुण्यात ॲपवर कॅब चालवतो, पिवळ्या पाटीची सीएनजी गाडी, पण आरसी दुसऱ्याच्या नावावर, भाऊ त्या मालकाला रोजचं भाडं देतो आणि वरचं स्वतःकडे ठेवतो. १८ दिवसांपूर्वी रात्री दीडच्या सुमाराला दापोडीजवळ एक बाईक राँग साइडने आली, भावाने वाचवायला स्टिअरिंग मारलं, बाईक घासून गेली आणि गाडी डिव्हायडरवर. मागे बसलेल्या पॅसेंजरचा हात मोडला, बाईकवाल्याचा पाय, भावाचं खुब्याचं हाड. आता मालक म्हणतो गाडीचा खर्च तू भर, इन्शुरन्सचा माणूस म्हणतो लायसन्सवर ट्रान्सपोर्ट, म्हणजे भाड्याची गाडी चालवायची नोंद, नाही त्यामुळे क्लेम अवघड आहे, ॲपचा सपोर्ट नुसता तिकीट नंबर देतोय, आणि कोणीतरी व्हिडिओ पाठवलाय की ॲप चालू असेल तर सगळं कंपनी देते.

मी २२ वर्षं मोटर क्लेममध्ये आहे, आधी एका सर्व्हेयरकडे, म्हणजे गाडीचं नुकसान मोजणाऱ्याकडे, असिस्टंट होतो आणि आता ड्रायव्हर लोकांच्या फाइल्स बनवून देतो. व्हिडिओपासून सुरू करतो कारण निम्मा गोंधळ तिथूनच होतो.

तो व्हिडिओ अमेरिकेचा आहे. तिकडे बऱ्याच राज्यांत ॲपच्या स्थितीवर कव्हर ठरतं. ॲप चालू पण बुकिंग नाही तेव्हा एक छोटं कव्हर, आणि बुकिंग घेतल्यापासून प्रवासी उतरेपर्यंत मोठं, १० लाख डॉलरपर्यंतचं थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं. आपल्याकडे ही भानगड नाही. आपल्याकडे दुसऱ्याचं जे नुकसान झालं, म्हणजे पॅसेंजर, बाईकवाला, रस्त्यावरचा माणूस, ते गाडीच्या पॉलिसीतून जातं, आणि ती पॉलिसी ॲप चालू होतं का बंद हे विचारतच नाही. ती बघते गाडीची पाटी कुठली, परमिट आहे का, फिटनेस आहे का, चालवणाऱ्याकडे लायसन्स आहे का. पिवळ्या पाटीची गाडी ॲप बंद करून स्टेशनवरून सुटी सवारी घेऊन निघाली तरी तिची पॉलिसी चालू असते, आणि पांढऱ्या पाटीची गाडी ॲपवर अगदी रीतसर ट्रिप मारत असली तरी तिची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू नसते. ॲपमुळे फरक पडतो तो फक्त ॲपवाल्यांच्या स्वतःच्या ॲक्सिडेंट कव्हरला, त्यावर नंतर येतो.

त्यामुळे पहिलं काम, मालकाकडून पॉलिसीची पूर्ण पीडीएफ मागवा. पहिल्या पानाचा फोटो नको, पूर्ण. पहिल्या पानावर गाडी नंबर, तारखा आणि आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, असते आणि लोक तेवढंच बघतात, खरी गोष्ट प्रीमियमच्या तक्त्यात आणि त्याच्या खालच्या बारीक अक्षरात असते. तक्त्यात डावीकडे ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान, आणि उजवीकडे लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्यांची देणी, असे दोन रकाने असतात. उजवीकडे बेसिक थर्ड पार्टीखाली प्रवाशांचा वेगळा आकडा दिसला पाहिजे. २०२२च्या नोटिफिकेशनप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या प्रायव्हेट कारला थर्ड पार्टी ३,४१६ रुपये आहे आणि त्याच इंजिनाच्या टॅक्सीला ७,९४० अधिक प्रत्येक प्रवाशामागे ९७८, म्हणजे चार प्रवाशांची गाडी धरली तर ११,८५२, वर जीएसटी. साडेतीनपट. लोक पांढऱ्या पाटीवर धंदा का करतात त्याचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत आहे, आणि कंपनी नंतर का हात वर करते त्याचंही.

त्याच रकान्यात अजून खाली बघा, "एलएल टू पेड ड्रायव्हर", म्हणजे पगारी ड्रायव्हरबद्दलची मालकाची कायदेशीर जबाबदारी, असं काहीतरी लिहिलेलं असेल आणि समोर ५० रुपये. पन्नास. वर्षाला. तुमच्या भावाच्या दृष्टीने अख्ख्या पॉलिसीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि मी शंभर पॉलिसी बघितल्या तर त्यातल्या बऱ्याच मालकांना ती ओळ आहे का नाही हे माहीतच नसतं.

आता एकेक माणूस घेऊ.

पॅसेंजर. त्याची परिस्थिती सगळ्यात चांगली. टॅक्सीतल्या प्रवाशाचं कव्हर कायद्यानेच सक्तीचं आहे, गाडीत बसायच्या क्षमतेइतक्या लोकांपर्यंत. चूक कॅबची का बाईकची हे त्याने शोधत बसायची गरज नाही, दोघांची मिळून चूक असेल तर तो कोणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, मग त्या दोन कंपन्या आपापसात बघून घेतील. त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, आपल्या भाषेत एमएसीटीत, अर्ज टाकायचा. सहा महिन्यांच्या आत टाकायचा, २०२२पासून ही मुदत परत आलीय. प्रवाशाचा वकील नोटीस पाठवेल ती मालकाला, ड्रायव्हरला आणि इन्शुरन्स कंपनीला अशी तिघांना येईल, ती बघून भावाने घाबरू नये, त्याचं नाव तिथे असणं नॉर्मल आहे. फक्त नोटीस उघडून गप्प बसू नका, ती कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

बाईकवाला. तो तुमच्या गाडीच्या दृष्टीने थर्ड पार्टी आहे, आणि तुमचा भाऊ त्याच्या बाईकच्या दृष्टीने थर्ड पार्टी आहे. हे दुसरं वाक्य परत वाचा कारण भावाचा सगळ्यात मोठा हक्क तिथे आहे आणि तोच बहुतेक वेळा वाया जातो.

वाया कसा जातो सांगतो. आपल्याकडे ॲक्सिडेंटमध्ये मोठी गाडी आणि छोटी गाडी असेल तर एफआयआर मोठ्या गाडीवर होते. बाईकवाल्याचा भाऊ चौकीत येतो, जबाब देतो, आणि त्यात ते ठरलेलं वाक्य येतं, "सदर कारचालकाने हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात कार चालवून". तुमचा भाऊ तेव्हा हॉस्पिटलमध्ये, मालक गाडी कधी सोडवायची या गडबडीत, आणि राँग साइडचं नावच कुठे येत नाही. काही महिन्यांनी भाऊ बाईकच्या इन्शुरन्स कंपनीवर दावा लावायला जातो तेव्हा तिकडचा वकील हीच एफआयआर पुढे करतो. म्हणून घटनास्थळ पंचनाम्याची कॉपी आजच काढा आणि त्यातला कच्चा नकाशा बघा. डिव्हायडर कुठे, ब्रेकच्या खुणा कुठल्या बाजूला, बाईक कुठे पडली, काचा कुठे सांडल्या. बाईक तुमच्या लेनमध्ये समोरून आली हे नकाशात दिसत असेल तर एफआयआरमधली भाषा काहीही असो, लढता येतं. नकाशात दिसत नसेल तर पॅसेंजरचा जबाब सोन्यासारखा आहे, त्याने मागून सगळं पाहिलंय आणि त्याला कोणाची बाजू घ्यायचं कारण नाही. त्या चौकाचं, पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही फुटेज बऱ्याच ठिकाणी काही दिवसांतच पुसलं जातं, १८ दिवस झालेत, तरी पोलिसांना लेखी अर्ज देऊन ठेवा की फुटेज जप्त करा. अर्जाची पोच महत्त्वाची.

बाईकचा इन्शुरन्स चालू होता का हे सरकारी वाहन ॲपवर नंबर टाकून दिसतं. चालू असेल तर भावाने बाईकच्या मालकावर आणि कंपनीवर एमएसीटीत स्वतंत्र दावा लावायचा. हॉस्पिटलचं बिल, बुडालेले दिवस, पुढे कमाई किती घटणार, सगळं मागता येतं आणि याला वरची मर्यादा नाही. दोघांचीही थोडी थोडी चूक निघाली तर त्या टक्क्यांनी रक्कम कापली जाते, एवढंच. इन्शुरन्स संपलेला असेल तर दावा बाईकमालकावर लागतो पण वसुली म्हणजे दगडातून पाणी काढायचं काम, खोटी आशा देत नाही.

आता समजा बाईक नसती, भावाला डुलकी लागून गाडी डिव्हायडरवर गेली असती. मग? मग थर्ड पार्टीच नाही. स्वतःच्या चुकीने स्वतःला लागलं आणि गाडी दुसऱ्याची असली तर सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०२० मध्ये स्पष्ट म्हटलंय की मालकाची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो त्याच गाडीच्या कंपनीकडे तिऱ्हाईत म्हणून मागू शकत नाही. मग उरतं ओनर-ड्रायव्हरचं पर्सनल ॲक्सिडेंट. ते १५ लाखांचं, २०१८ पासून. पण नावातच सांगितलंय, ओनर-ड्रायव्हर. आरसीवर ज्याचं नाव आणि ज्याच्याकडे लायसन्स, त्याला. भावाचं नाव आरसीवर नाही म्हणजे त्याला ते लागू नाही. आणि ज्यांना लागू आहे त्यांनीही जास्त खुश होऊ नका, ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाचं कव्हर आहे, एक हात किंवा एक डोळा गेला तर निम्मे, दोन्ही गेले तर पूर्ण. खुब्याचं हाड मोडून तीन महिने खाटेवर पडलात तर त्यातून एक रुपया येत नाही. हॉस्पिटलचं बिल त्यात बसत नाही. लोकांना वाटतं १५ लाखांची पॉलिसी आहे म्हणजे निवांत. मला दर महिन्याला असा एक तरी फोन येतो.

आणि इथे ती ५० रुपयांची ओळ येते. पगारी ड्रायव्हरला कामावर असताना इजा झाली तर मालकाची जबाबदारी असते, आधी १९२३च्या भरपाई कायद्याखाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेखाली, आणि ती जबाबदारी मोटर पॉलिसी उचलते. इथे चूक कोणाची हे बघत नाहीत, डुलकी लागली असली तरी चालतं, दारू प्यायला असेल तर मात्र विषय वेगळा. हिशोब सूत्राने होतो. पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर, पगार कितीही असला तरी १५,००० पर्यंतच धरतात. वय ३० ला फॅक्टर २०७.९८. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, १८,७१,८२०. भावाचं पूर्ण अपंगत्व नाही, समजा डॉक्टरने कमाईची क्षमता २० टक्के घटली असं सर्टिफिकेट दिलं तर त्याचे २० टक्के, ३,७४,३६४. हे लेबर कोर्टात चालतं. पण एकाच अपघातासाठी हे आणि एमएसीटी दोन्ही मागता येत नाहीत, एक निवडावं लागतं, म्हणून वकील निवडायच्या आधी कुठलाही अर्ज गडबडीत टाकू नका. बाईकची चूक पक्की दाखवता येत असेल आणि तिचा इन्शुरन्स असेल तर मी एमएसीटी निवडेन. पंचनामा विरुद्ध जात असेल तर लेबर कोर्ट.

आता यातली खरी गोम. भाऊ पगारी आहे का? तो तर मालकाला भाडं देतो. कंपनीचा वकील हाच मुद्दा काढणार की हा नोकर नाही, याने गाडी भाड्याने घेतलीय, म्हणजे हा मालकाच्या जागी, म्हणजे काही नाही. हल्ली ॲपच्या गाड्यांत निम्म्याहून जास्त व्यवस्था अशाच तोंडी आहेत, मालकाकडे चार-पाच गाड्या, पोरं रोजाने चालवतात, कागद शून्य. उलट बाजूने मांडायला काय काय असतं बघा. गाडी कोणाला द्यायची, कधी परत घ्यायची हे मालक ठरवतो का, ॲपवर ड्रायव्हर मालकाच्या खात्याखाली जोडलेला आहे का, ॲपचे पैसे आधी मालकाच्या बँकेत जाऊन मग भावाला येतात का. हे तिसरं असेल तर बँक स्टेटमेंट काढा, दर आठवड्याला ठरावीक रक्कम मालकाकडून आलेली दिसली की तो पगारासारखाच पुरावा होतो. व्हॉट्सॲपवरचे मालकाचे मेसेज, "उद्या सहाला गाडी घे", "सर्व्हिसिंगला लाव", हेही डिलिट करू नका. मालकाशी आज भांडण असेल तरी तोडू नका, कारण भावाला नोकर म्हणणारा जबाब शेवटी मालकालाच द्यायचाय, आणि त्याला समजवा की पॉलिसीत ती ५० रुपयांची ओळ असेल तर असा जबाब दिल्याने भरपाई त्याच्या खिशातून नाही, कंपनीच्या जाते.

लायसन्सचा मुद्दा. इन्शुरन्सचा माणूस जे बोलला ते जुनं झालं. हलक्या वाहनाचं, एलएमव्हीचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहन चालवू शकतो, वेगळं एंडोर्समेंट नाही म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, हे २०१७ ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं होतं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पक्कं केलं. कॅब त्या वजनाच्या जवळपासही जात नाही. तरी फोनवर ड्रायव्हरला "बॅच नाही ना, मग अवघड आहे" (बॅच म्हणजे टॅक्सीचालकाचा बिल्ला) असं अजून ऐकवतात, कारण निम्मे लोक तेवढ्यावरच फाइल सोडून देतात. तुम्ही फक्त एवढं म्हणा, साहेब हे ईमेलवर लिहून द्या. लिहून देत नाहीत. बॅच नसल्याबद्दल आरटीओ दंड करेल तो वेगळा विषय, तो क्लेमशी जोडायचा नाही. मात्र लायसन्सची मुदतच संपलेली असेल तर हा निकाल वाचवणार नाही, त्यामुळे तारीख बघा.

तसंच पीयूसीचं. पीयूसी नव्हती म्हणून क्लेम नाही, हेही खोटं, इन्शुरन्स नियामकाने २०२० मध्येच खुलासा केलाय. पण परमिट आणि फिटनेस हे मात्र खरे खड्डे आहेत. परमिट नसताना अपघात झाला तर तो पॉलिसीचा मूलभूत भंग, २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. अशा वेळी "पे अँड रिकव्हर" होतं, म्हणजे कंपनी जखमी माणसाला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. जखमी माणूस वाचतो, मालक बुडतो, आणि मालक बुडायला लागला की हात ड्रायव्हरच्या गळ्याशी येतो. टॅक्सीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, तारीख आरसीच्या ॲपवर दिसते. गाडी सीएनजी म्हणताय तर अजून एक बघा, किट कंपनीचं आहे का बाहेरून बसवलंय. बाहेरून असेल तर आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे त्याची नोंद हवी. सर्व्हेयर डिकी उघडून टाकी बघतो आणि मग आरसी बघतो, याच क्रमाने, मी स्वतः हे काम केलंय.

पांढऱ्या पाटीवाल्यांसाठी एक फाइल सांगतो, कोणाचं नाव घेत नाही. एका मुलाने मेहुण्याची प्रायव्हेट गाडी घेतली, ॲप वगैरे काही नाही, ओळखीतून एअरपोर्टहून साताऱ्याचं एक भाडं मारलं. खंबाटकीच्या अलीकडे मागून ट्रकने ठोकलं, गाडीचं मागचं सगळं आत. क्लेम फॉर्मवर त्यांनी लिहिलं की मित्राला सोडायला जात होतो. पण पॅसेंजरचा पोलिस जबाब आधीच झाला होता आणि त्यात पहिल्याच परिच्छेदात, "मी सदर गाडी २,८०० रुपये भाड्याने ठरविली होती". कंपनीने ते वाक्य अधोरेखित करून नकाराच्या पत्राला जोडलं. पॉलिसीत "लिमिटेशन्स ॲज टू यूज" म्हणून एक कलम असतं, भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर नाही. ते मोडलं हे खरंच. पण भंग झाला म्हणून ओन डॅमेजमध्ये शून्यच द्यायचं असं नाही, सुप्रीम कोर्टाने २००८ आणि २०१० मध्ये अशाच प्रकरणांत, प्रायव्हेट गाडी भाड्याने वापरली होती, नॉन-स्टँडर्ड बेसिसवर, म्हणजे पूर्ण नाही पण काही भाग कापून, ७५ टक्क्यांपर्यंत द्यायला लावलेत. आम्ही ग्राहक आयोगात गेलो, दोन वर्षं गेली आणि शेवटी तसंच झालं. खोटं लिहिलं नसतं तर बहुतेक सहा महिन्यांत झालं असतं, कारण आयोगाला पटवायला जास्त वेळ त्या "मित्रा"मुळेच लागला. पांढऱ्या पाटीच्या बाईकवर सवारी नेणाऱ्यांचं याहून वाईट, तिथे नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याचंही कव्हर नसतं.

आता मालकाचं "तू भर". गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम मालकाचा असतो, पॉलिसी पॅकेज म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर. सही त्याची, पैसे एकतर गॅरेजला कॅशलेस जातात किंवा मालकाला, टोटल लॉस असेल आणि लोन असेल तर आधी बँकेला. ड्रायव्हरकडून जबाब आणि लायसन्स एवढंच लागतं. मालक जे मागतोय ते क्लेममध्ये न बसलेलं मागत असेल तर समजू शकतो, पण पूर्ण बिल नाही. किती बसत नाही ते बघा. गाडी साडेतीन वर्षांची धरू, झिरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाची कपात न करणारं जादा कव्हर, नाही. बिल एक लाखाचं, त्यात प्लास्टिक-रबरचे पार्ट ४० हजार, पत्र्याचे ३० हजार, काचा ८ हजार, लेबर २२ हजार. प्लास्टिकवर ५० टक्के कपात म्हणजे २० हजार मिळाले, पत्र्यावर या वयाला २५ टक्के कपात म्हणजे २२,५००, काचेवर कपात नाही म्हणजे ८ हजार, लेबर पूर्ण. झाले ७२,५००, त्यातून कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची ठरलेली रक्कम, जाईल. म्हणजे लाखाच्या बिलात वाद २७-२८ हजारांचा आणि मालकाचा नो क्लेम बोनस गेला त्याचा. यावर बसून बोला. ड्रायव्हरची चूक नसताना तेही का द्यायचं हा प्रश्न बरोबरच आहे, पण धंद्यात परत त्याच मालकाची गाडी हवी असेल तर ते तुमचं तुम्ही ठरवा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. बाईकवाल्याचे नातेवाईक आणि मालक मिळून चौकीबाहेर स्टॅम्प पेपरवर "सर्व नुकसान भरपाई मी देईन" असं भावाकडून लिहून घ्यायचा प्रयत्न करतात. कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल करणं हा पॉलिसीच्या अटीचा भंग असतो, आणि तो कागद पुढे बाईकवरच्या तुमच्या दाव्यातही तुमच्याविरुद्ध वापरला जातो. आधीच केलं असेल तर मला सांगा, लपवू नका.

ॲपवाल्यांचं कव्हर. केंद्राच्या २०२० च्या ॲग्रीगेटर, म्हणजे कॅबच्या ॲप कंपन्यांसाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत ड्रायव्हरला किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि किमान १० लाखांचा टर्म विमा द्यायचं लिहिलंय, २०२५ च्या नव्या तत्त्वांतही ते कायम आहे. कागदावर. प्रत्यक्षात ॲपमध्ये इन्शुरन्स नावाचा एक कोपरा असतो तो उघडून बघा, बहुतेक ठिकाणी ट्रिप स्वीकारल्यापासून संपेपर्यंतच कव्हर असतं, आणि क्लेम कळवायची मुदत छोटी असते. भावाच्या बाबतीत पॅसेंजर गाडीत होता म्हणजे ट्रिप चालू होती, हे त्याच्या बाजूचं आहे. ट्रिपचा आयडी, सुरू झाल्याची वेळ, नकाशावरची शेवटची जागा यांचे स्क्रीनशॉट काढा, अकाउंट ब्लॉक झालं की हे सगळं दिसायचं बंद होतं आणि अपघातानंतर अकाउंट ब्लॉक होणं अगदी कॉमन आहे. सपोर्टशी चॅटवर नका बोलत बसू, ॲपमध्ये तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो त्यावर एकच मेल, तारीख, ट्रिप आयडी, एफआयआर नंबर, डिस्चार्ज कार्ड जोडून. बिलं अजून यायची असली तरी आत्ता कळवून ठेवा, बिलं मागून द्या.

हॉस्पिटलच्या बिलाबद्दल, रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार, ती जखमी ड्रायव्हरलाही आहे. सुरुवातीचं बिल त्यात बसवलं होतं का हे बिलिंगला विचारा. पुढच्या ऑपरेशनला महात्मा फुले योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेच्या माणसाला, विचारा. आणि बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या आसपास २० रुपये कापल्याची एन्ट्री आहे का बघा, ती सुरक्षा विमा योजना आहे, मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख आणि अंशतः अपंगत्वाला १ लाख. बऱ्याच जणांचे पैसे कापले जातात आणि त्यांना माहीत नसतं. साध्या फ्रॅक्चरला नाही मिळत पण पुढे पायच निकामी झाला तर अर्ज करून ठेवायला हरकत नाही.

कंपनीने लेखी नकार दिला तर मालकाने आधी कंपनीच्या तक्रार विभागात लिहायचं, महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील नाही, पुण्यात आणि मुंबईत दोन्हीकडे ऑफिस आहे. नकारापासून एक वर्षाच्या आत. हे गाडीच्या दुरुस्तीसाठी. जखमी माणसांचे दावे तिथे चालत नाहीत.

बाकी मुदती वर सांगितल्याच आहेत, पण अजून एक गोष्ट तारखेची आहे. २०२२ पासूनच्या नियमांनी पोलिसांना अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि कंपनीला द्यायची असते आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. त्यात ड्रायव्हरचा वेगळा फॉर्म असतो, फॉर्म ३, आणि मालकाचा फॉर्म ४, दोन्ही तपासी अंमलदाराकडे ३० दिवसांत द्यायचे. हा फॉर्म ३ म्हणजे भावाने स्वतःच्या शब्दांत अपघात कसा झाला हे अधिकृत रेकॉर्डवर आणायची जागा आहे, राँग साइड, लेन, वेळ, लाइट, सगळं. बऱ्याच चौक्यांत हा फॉर्म कोणी मागत नाही आणि ड्रायव्हर देत नाही, मग फाइलीत एकच बाजू राहते. १८ दिवस झालेत, १२ उरलेत. भाऊ हॉस्पिटलमध्ये असला तर तुम्ही उद्या सकाळी चौकीत जा, तपासी अंमलदाराचं नाव एफआयआरवर शेवटी आहे, कोरा फॉर्म मागा, भावाकडून भरून सही करून घ्या आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का घेऊन या. पॉलिसीची पीडीएफ आली की लायबिलिटीचा रकाना दिसेल असा फोटो टाका, ती ५० रुपयांची ओळ आहे का नाही ते आधी बघू.